हवालदार आणि सहा वॉकीटॉकी

आमच्या हवालदारांनी उभ्या आयुष्यात कुणाचं बोलणं मधेच तोडलं नाही, आणि एकदाच तोडलं तेव्हा ते थेट चेअरमनचं तोडलं. बाकी सगळ्या जगाला त्यांनी पोटभर बोलू दिलं. एसटीतला चिडका कंडक्टर असो, लग्नाच्या मांडवात माईक न सोडणारा सोयरा असो, की ऊस वेळेवर तुटला नाही म्हणून आईबहिणीवर आलेला शेतकरी असो, हवालदार हात मागं बांधून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत. समोरचा थांबला तरी ते आणखी एक क्षण थांबत, त्याचं खरंच संपलं आहे ना याची खात्री करून घेत आणि मगच तोंड उघडत. त्या एका क्षणात नवखा माणूस घामाघूम होई. आपल्या तोंडून काहीतरी भलतंच गेलं असावं असं त्याला वाटे. आमच्या वहिनी, म्हणजे हवालदारांच्या पत्नी, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "लगीन झाल्यापासून एक भांडण म्हणून पुरं झालं न्हाय बघा. म्या बोलायची, हे थांबायचे. म्या कटाळून आत जायची. मग ह्यांचं उत्तर यायचं, तवर म्या भाकरी थापाय बसलेली."

ही सवय त्यांना सैन्यात लागली. हवालदार मूळचे ईट गावाच्या बाजूचे. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, गावकीची हलकी कामं एका दिवसात सोडली आणि पोराला सांगितलं की जिथं कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही असं काम शोध. पोरगा सैन्यात बिनतारी संदेशाच्या तुकडीत गेला. तिथून हवालदार होऊन परत आला तो बरोबर तीन गोष्टी घेऊन: ताठ मान, इस्त्रीची खाकी पँट आणि वायरलेसवर निष्ठा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. जिल्ह्याला तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणत. आमच्या भागात नवा सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. त्याचं नाव मी सांगणार नाही. मी तिथं शेतकी खात्यात कारकून होतो आणि हवालदार माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. कारखान्यानं त्यांना घेतलं ते एवढ्याचसाठी की एका लाकडी खोक्यातून सहा वॉकीटॉकी आल्या होत्या आणि त्या उलट्या धरायच्या की सुलट्या हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

खोकं उघडलं त्या दिवशी कारखान्यात सणासारखं वातावरण होतं. शेतकी अधिकारी, गटप्रमुख, यार्डातला सुपरवायझर, जो तो आपापला सेट कमरेला लावून मिरवायच्या तयारीत. हवालदारांनी सहाही सेट मोजून घेतले, खोकं बंद केलं, वर कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. शेतकी अधिकारी चिडून म्हणाले, "अहो, हे वापरायला आणलेत की पूजेला?" हवालदार एक क्षण थांबले आणि म्हणाले, "वापरायलाच, साहेब. म्हणून आधी शिकायचं. आठ दिवस. पास होईल त्याला सेट." मोठमोठ्या हुद्द्याची माणसं मग आठ दिवस कारखान्यासमोरच्या लिंबाखाली सतरंजीवर बसली. प्रत्येकाच्या हातात वॉकीटॉकीच्या मापाचा लाकडी ठोकळा होता. हवालदारांनी ते सुताराकडून मुद्दाम करून घेतले होते. ठोकळ्याला बटण म्हणून खिळा ठोकलेला. त्यावर अंगठा ठेवून सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं: दाबा, थांबा, बोला, थांबा, सोडा. येणारेजाणारे शेतकरी बैलगाड्या थांबवून हा तमाशा बघत. एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं होतं, "सायबास्नी काय झालंय? अंगात आलंय का काय?"

या मंत्रातल्या दुसऱ्या 'थांबा'वर हवालदारांचा फार जोर होता, आणि त्याचं कारण मला आजही कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा पक्कं पटतं. ते म्हणत, "इंग्रजीत नकार आधी येतो. आपल्या मराठीत शेवटी येतो. बटण सोडायची घाई केली की नकाराचा होकार झालाच समजा." लोक हसले. पुढच्याच महिन्यात एका गटप्रमुखानं वायरलेसवरून टोळीच्या मुकादमाला निरोप दिला, "वड्याकडचा बेण्याचा ऊस उद्या तोडायचा न्हाय." घाईत त्यानं 'तोडायचा' म्हणता म्हणता बटण सोडलं. 'न्हाय' त्याच्या तोंडात राहिलं आणि बाकीचं सगळं मुकादमाला पोचलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुढच्या लागणीसाठी राखलेला बेण्याचा ऊस गाडीत भरून कारखान्यात हजर. शेतकी अधिकारी डोक्याला हात लावून बसले. हवालदार त्या गटप्रमुखाला लिंबाखाली घेऊन गेले, हातात लाकडी ठोकळा दिला आणि शंभर वेळा 'न्हाय' म्हणायला लावलं. प्रत्येक 'न्हाय' नंतर एक क्षण थांबून मग अंगठा उचलायचा. तो गटप्रमुख पुढं घरातसुद्धा 'नाही' म्हटलं की जरा वेळ तसाच उभा राहायचा.

सेट कसा धरायचा यावर त्यांची मतं कुणी धर्मगुरूनं सांगावीत इतकी ठाम होती. सेट उभा धरायचा. तोंडापासून दोन बोटं लांब, जरा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट आत जात नाही. ओरडायचं नाही. आमचा यार्डातला सुपरवायझर मुळात तालमीतला माणूस. त्याचा आवाज सेटशिवायही दोन शिवारं ओलांडायचा. तो सेटवर बोलू लागला की ऐकणाऱ्याला नुसता भुंग्यासारखा आवाज यायचा. हवालदारांनी त्याला सांगितलं, "तुमी बायकोशी घरात बोलता तसं बोला." तो गोंधळून म्हणाला, "तसंच बोलतोय की." एरियलला धरून सेट उचलणाऱ्याकडं ते असं बघत की जणू त्यानं रांगत्या लेकराला मानेला धरून उचललंय. जीपमध्ये डिझेल भरताना सेट बंद. ढग गडगडायला लागले की टेकडीवरून खाली उतरायचं. "विजा चमकत असताना उंचावर एरियल धरून उभं राहणं म्हणजे विजेला घरचा पत्ता देणं," असं ते म्हणत. एरियल काढलेलं असताना बटण दाबायचं नाही. भिजलेला सेट चुलीपाशी वाळवायचा नाही. अशी त्यांची एक वहीच होती, आणि वहीच्या उत्तरार्धात जागांची यादी. आमच्याकडचा मुलूख खालीवर. बालाघाटाचे उतार, मधे खोलगट शिवारं. खोलात गेलं की सेट मुका होई. म्हणून हवालदार सुट्टीच्या दिवशी सायकलवर सेट घेऊन हिंडत आणि कुठून आवाज पोचतो ते लिहून आणत. 'ईटच्या अलीकडं टेकाड, मोठी बाभूळ, तिथून पाच पावलं उगवतीला. भूमच्या रस्त्याला पुलाच्या कठड्यावर उभं राहून. देवळाच्या पायऱ्यांवर नाही, मागच्या उकिरड्यावर.' शेतकी अधिकाऱ्यांना एकदा कोऱ्या पांढऱ्या कपड्यांत त्या उकिरड्यावर उभं राहून बोलावं लागलं. परत आल्यावर त्यांनी वहीतली ती नोंद खोडायला सांगितली. हवालदार म्हणाले, "आवाज पोचला का, साहेब?" पोचला होता. नोंद राहिली.

हे सगळं घरीही चाले. वहिनींनी सांगितलेलं काम ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवत. "भूमच्या बाजारातून येताना शेपू, दोन जुड्या, कवळा. बरोबर?" वहिनी म्हणत, "बरोबर." मगच पिशवी उचलत. बाजारात भाजीवालीनं काही म्हटलं की तिचंही बोलणं परत म्हणत. पहिल्यांदा तिला वाटलं हा माणूस आपल्याला वेडावतोय. तिनं शेपूची जुडी त्यांच्या अंगावर भिरकावली. ती त्यांनी झेलली आणि म्हणाले, "एक जुडी मिळाली. दुसरी द्या." हे त्यांनी विनोदानं म्हटलं नव्हतं. विनोद करताना मी त्यांना कधी पाहिलंच नाही, आणि तरीही त्यांच्या शेजारी राहिलेली ती वर्षं आठवली की मला हसू येतं.

आता चेअरमनबद्दल सांगतो. चेअरमन म्हणजे तालेवार माणूस. घरी बैलांच्या जोड्याच जोड्या, शब्दाला वजन, कारखाना उभा करण्यात त्यांनी खरोखर रक्त आटवलं होतं, हे कबूल करायला हवं. पण लिंबाखालच्या सतरंजीवर ते काही बसले नाहीत. एक सेट त्यांनी माणूस पाठवून मागवून घेतला. हवालदारांनी दिला नाही. परीक्षा झाली नाही म्हणून. शेवटी कार्यकारी संचालकांनी लेखी हुकूम काढला तेव्हा दिला, आणि नंबर दिला सहा. वायरलेसवर कुणी साहेब नाही, कुणी दादा नाही, फक्त नंबर. आणि नंबर पास होण्याच्या क्रमानं. मी कारकून असून माझा नंबर दोन होता, कारण हवालदारांनंतर परीक्षा पहिल्यांदा मीच पास झालो होतो. माझ्यापुढं चेअरमन सहावे, याचा मला मनातून आनंद होता आणि बाहेरून घाम फुटला होता. चेअरमन सेटवर आले की, "अरे कोण हाय तिकडं, जीप लावून दे," अशी सुरुवात करत. हवालदार वायरलेस खोलीतून शांतपणे विचारत, "कोण बोलतंय, नंबर सांगा." पलीकडून दात चावून आवाज येई, "सहा." असं दिवसातून चार वेळा. या चार वेळा कारखान्यातली सगळी माणसं हातातलं काम सोडून ऐकत असत, हे चेअरमनलाही ठाऊक होतं.

मग पाऊस फिरला. सलग दुसऱ्या वर्षी मिरगानं तोंड फिरवलं तेव्हा ऊस उभ्याउभ्या वाळला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं आणि वॉकीटॉकी पाण्याच्या कामाला लागल्या. कुठल्या गावची विहीर आटली, टँकर कुठं अडकला, कुठल्या वस्तीवर दोन दिवस पाणी पोचलं नाही, हे सगळं हवालदार त्या सेटवरून जुळवत. सायकलवर हिंडून लिहिलेली वही आता कळली काय चीज होती ते. कारखान्यानं गावोगावच्या विहिरी खोल करायचं काम काढलं. खाली काळा पाषाण. सुरुंगाशिवाय इंचभर सरकत नव्हता. ईटच्या पुढच्या एका गावात, गावाला तारील अशा एका मोठ्या विहिरीचा सुरुंग चेअरमनच्या हस्ते उडवायचं ठरलं. मांडव, हारतुरे, पाहुणे म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणाहून कुणी मोठे येणार. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन डोक्यात उतरत होतं आणि पाहुण्यांची गाडी आली नव्हती.

विहिरीत खाली सुरुंगवाला म्हातारा आणि त्याची सून होती. खडकात भोकं पाडून जिलेटिनच्या कांड्या ठासल्या होत्या. त्यात विजेवर उडणारे डिटोनेटर बसवले होते, आणि सून त्यांच्या बारीक तारा एकमेकींना जोडत होती. तिचं जोडून झालं की दोघं वर येणार, तारा लांबवर यंत्रापर्यंत नेणार, आणि मग चेअरमन कळ दाबणार. तारेचं एक वेटोळं विहिरीच्या काठावर, चेअरमनच्या पायाशीच पडलं होतं. हवालदार जीपपाशी होते, पन्नासएक पावलांवर. आपला सेट त्यांनी येतानाच बंद करून जीपमध्ये ठेवला होता. मी चेअरमनच्या शेजारी होतो, हारांचं ताट घेऊन. चेअरमननी घड्याळ बघितलं, कमरेचा सेट काढला, बटण चाचपलं आणि म्हणाले, "बघतो कुठवर आलेत ते. अरे, कोण हाय..."

"सहा नंबर, बटण दाबू नका."

एवढ्या मोठ्यानं हवालदार बोललेले मी कधीच ऐकले नव्हते. चेअरमननी मान वळवली. हवालदार धावत येत होते. चेअरमनचा अंगठा बटणावरच होता. "मला सांगतो व्हय रे?" असं ते म्हणाले, आणि अंगठा आत जायच्या आधी हवालदारांनी त्यांचं मनगट पकडलं. दुसऱ्या हातानं सेट काढून घेतला, बंद केला आणि माझ्या ताटात, हारांवर ठेवला.

सगळं गाव बघत होतं. काय बघत होतं ते आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. गावाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या माणसानं चेअरमनच्या मनगटाला हात घातला होता. चेअरमनचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते अगदी हळू म्हणाले, "पायरी वळखून वाग."

हवालदार एक क्षण थांबले. त्या गोंधळातसुद्धा थांबले. मग म्हणाले, "खाली दोन माणसं हायेत, साहेब. सेटमधून लहरी निघतात, त्यानं या तारांत वीज उतरून सुरुंग उडू शकतो. शंभर पावलं लांब जाऊन बोला, मी सोबत येतो." चेअरमन बोलायला गेले नाहीत. ते जीपमध्ये बसले आणि निघून गेले. पाहुणे आले ते रिकाम्या मांडवात. सुरुंग शेवटी त्या म्हाताऱ्यानंच उडवला. दोघं वर आली, सगळे मागं सरले, जमीन हादरली आणि धुरळा बसल्यावर कळलं की कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. हाच हवालदारांचा गुन्हा ठरला. काही झालंच नाही, तर मग मनगट का धरलं?

चौकशी बसली. तीन संचालक टेबलापलीकडं, टिपण घ्यायला मी, आणि शेजारच्या खोलीत चेअरमन, मधलं दार मुद्दाम उघडं ठेवून. संचालकांपैकी एक जण मनानं चांगले होते. ते म्हणाले, "हवालदार, वाढवू नका. दोन ओळींचा माफीनामा द्या, विषय संपला."

"कशाची माफी, साहेब?"

"चेअरमनचा अपमान झाला त्याची."

"अपमान झाला असंल तर मी हात जोडतो. पण हात धरला त्याची माफी लिहून द्यायची न्हाय. उद्या परत तसंच झालं तर परत धरीन."

दुसरे संचालक पुढं झुकले. "बटण दाबलं असतं तर स्फोट झालाच असता, असं तुमचं म्हणणं आहे?"

इथं खोटं बोलून सुटता आलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना सांगत होतो, हो म्हणा. हवालदार थांबले आणि म्हणाले, "न्हाय. झालाच असता असं मी म्हणत न्हाय. होऊ शकला असता. बहुतेक वेळा होत न्हाय. पण सैन्यात आमाला शिकवलं ते बहुतेक वेळांसाठी न्हवतं."

"म्हणजे नुसत्या शंकेवर तुम्ही..."

"व्हय. शंकेवर."

संचालकांनी एकमेकांकडं बघितलं. मी 'शंकेवर' असं टिपून घेतलं आणि मला कळलं की हा एक शब्द त्यांची नोकरी खाणार. तेवढ्यात दाराशी गडबड झाली. शिपाई कुणाला तरी अडवत होता आणि ती व्यक्ती अडत नव्हती. सुरुंगवाल्याची सून होती. डोक्यावर पदर, पायात धूळ, ईटहून निघून दोन एसट्या बदलून आलेली. बोलावणं कुणी धाडलं नव्हतं. तिनं टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला आणि म्हणाली, "डिटोनेटरच्या खोक्यात ह्यो कागुद निघतो. सासरे म्हणले, त्यात लिवलेलं असतंय. आमाला वाचता येत न्हाय."

दुसरे संचालक म्हणाले, "बाई, तुझं इथं काय काम?"

"आमी खाली हुतो, सायेब," ती म्हणाली. "वर कोण हुभं हाय ते खालनं दिसत न्हाय."

कागद इंग्रजीत होता. संचालकांनी तो उलटसुलट केला आणि माझ्याकडं सरकवला. "वाचा." उघड्या दारातून शेजारच्या खोलीतली खुर्ची करकरल्याचा आवाज आला. माझी नोकरी, बायको, क्वार्टर, सगळं त्या आवाजात होतं. छपाई पुसट होती. वाचता येत नाही म्हणालो असतो तर कुणी मला खोटं ठरवलं नसतं. मी वाचलं. बिनतारी संदेशयंत्रं चालू असताना डिटोनेटरजवळ आणू नयेत, अशा अर्थाचं एक वाक्य तिसऱ्या परिच्छेदात होतं. त्याचं मराठी मी मोठ्यानं सांगितलं आणि टिपणातही लिहिलं.

माफीनाम्याचा विषय तिथंच बारगळला. पण चेअरमनचं मन राखायचं होतं, म्हणून संचालकांनी नुसती 'ताकीद' द्यायचं ठरवलं. कागद टाइप होऊन आला. हवालदारांनी तो दोनदा वाचला आणि परत केला. "ताकीद कशाबद्दल ते लिहिलेलं न्हाय."

"वर्तनाबद्दल, लिहिलंय की."

"कुठल्या वर्तनाबद्दल? चेअरमनना सुरुंगाजवळ सेट वापरू दिला न्हाय, असं लिहा. मी लगेच सही करतो."

तसं कोण लिहिणार? तो कागद टेबलावरून कपाटात गेला, कपाटातून कुठं गेला ते मला ठाऊक नाही. हवालदारांची मात्र फाटकावर बदली झाली. वायरलेस खोलीची किल्ली त्यांनी शेतकी अधिकाऱ्यांच्या हातात दिली, पोच म्हणून सही घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीच्या खाकी पँटमध्ये फाटकाशी उभे राहिले. कुणी हळहळलं की ते म्हणत, "फाटकपण कुणीतरी नीट उघडायला पायजेच की." वहिनी मात्र घरात धुमसत होत्या. यांनी कामगार युनियनकडं जावं, वर्तमानपत्रात द्यावं, असं त्या मला ऐकवत. हवालदार त्यांचं सगळं बोलणं पूर्ण होऊ देत आणि मग म्हणत, "मी काय मागायला जाऊ? माझं काय चुकलंय तेच त्यांना लिहिता येईना. ते लिहीपर्यंत मी हितंच हाय."

इकडं वायरलेसची दोन महिन्यांत दैना झाली. चार जण एकदम बोलत, बॅटऱ्या कायम उतरलेल्या, एक सेट पाण्याच्या टाकीत पडला आणि कुणीतरी तो खरोखरच चुलीपाशी वाळवला. एक टँकर दिवसभर चुकीच्या गावात उभा राहिला आणि भलत्याच वस्तीवरच्या बायका उन्हात घागरी घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. त्या बायकांनी दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकापुढं येऊन घागरी आपटल्या. हवालदारांनी त्यांच्यासाठी फाटक उघडलं, अदबीनं, दोन्ही झडपा. त्या आठवड्यात त्यांना परत वायरलेस खोलीत पाठवल्याचा हुकूम निघाला. त्यावर त्यांनी अर्थातच विचारलं की कारण काय लिहिलंय. 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलं होतं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "बाबूजी, हे कारण न्हाय." पण टँकर थांबले होते, म्हणून ते गेले.

चेअरमन त्यांच्याशी पुढं कधी त्या विषयावर बोलले नाहीत. एवढंच मी पाहिलं की उन्हाळ्याच्या अखेरीला दुसऱ्या एका विहिरीवर ते गेले तेव्हा जीप टेकाडावरच थांबवली, सेट ड्रायव्हरच्या हातात दिला आणि उतारावरून चालत खाली आले. त्या उन्हात, त्या वयात, अर्धा मैल.

हवालदार निवृत्त होऊन गावी गेले. मध्ये बरीच वर्षं गेली. मीही निवृत्त झालो तेव्हा एकदा मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. एक गोष्ट मला त्यांना सांगायची होती. ती अशी, की त्या सकाळी विहिरीवर चेअरमनच्या सगळ्यात जवळ मी होतो. सुरुंगाशी सेट चालवायचा नाही हे मला पाठ होतं. परीक्षेत त्या प्रश्नाचं उत्तर मी बरोबर दिलं होतं. चेअरमननी सेट कमरेवरून काढला तो मी बघितला, खालून त्या बाईच्या काकणांचा आवाज मला येत होता, आणि मी काही न बोलता दोन पावलं मागं सरकलो होतो. ताटासकट.

घर साधं, दोन खोल्यांचं. बुद्धाच्या तसबिरीपुढं ताजी फुलं. हवालदार ओसरीवर बाजेवर बसले होते, पँटला तीच इस्त्री. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग मी धीर करून सगळं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. नंतर म्हणाले, "काय म्हणालात?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना नीट ऐकू येत नाही. सैन्यातल्या हेडफोननं म्हणा, वयानं म्हणा, कान गेले होते. ती गोष्ट पुन्हा, आणि ओरडून सांगणं मला जमेना. मी म्हटलं, "काही नाही, चहा छान झालाय."

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या पुढं आल्या, हवालदारांच्या कानाशी वाकल्या आणि सरळ सांगून टाकलं, "ते म्हणत्यात, त्या दिवशी हिरीवर तेच जवळ हुते. त्यास्नी ठावं हुतं. भ्याले आन् मागं सरले."

हवालदार मान हलवत राहिले. मग म्हणाले, "ते मला तेव्हाच दिसलं होतं, बाबूजी. मी समोरूनच पळत येत होतो की." त्यांनी पँटची इस्त्री हातानं सारखी केली. "भ्यालेल्या माणसावर राग धरला असता तर कारखान्यात बोलायला कोण उरलं असतं? आणि कागद तर तुमीच वाचला."

या गोष्टीचं ओझं मी इतकी वर्षं वागवलं आणि तिचं निवारण एका वाक्यात झालं, त्यानं हलकं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. त्यांनी बाजेवर सरकून जागा केली आणि उजव्या बाजूला हात थोपटला.

"हिकडं येऊन बसा," ते म्हणाले. "ह्या कानानं अजून थोडं ऐकू येतंय."

मी उठून त्या बाजूला बसलो. परतीची एसटी दुपारची होती. सांगण्यासारखं माझ्यापाशी आता काही उरलं नव्हतं, पण ते कान माझ्याकडं करून वाट बघत होते, म्हणून मी त्यांना आमच्या जुन्या क्वार्टरची गोष्ट सांगायला लागलो. आता तिथं कोण राहतं, परसातल्या शेवग्याचं काय झालं, असलं काहीतरी.